लिस्बनमधलं एका महिन्याचं बिऱ्हाड

सुपरमार्केटमध्ये स्वतःच बिल करायचं यंत्र होतं. दुधाचा खोका, चार टोमॅटो, कांदे, पाव असं एकेक त्याला दाखवून झालं आणि पडद्यावर शब्द उमटला: पगार. लिपी रोमन, शब्द आपला. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात माझी तेहेतीस वर्षं गेली. दर महिन्याच्या सुरुवातीला स्टाफरूममध्ये 'पगार झाला का?' हा प्रश्न फिरायचा. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ पैसे चुकते करणं. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, त्यांच्या चाकरीतल्या माणसांना महिन्याचे पैसे मिळू लागले आणि त्या क्रियापदाचं आपल्याकडे नाम झालं. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी तो शब्द लिस्बनमध्ये असा समोर आला, तेव्हा मी तिथेच थबकले. मागे रांग होती. ह्यांनी हळूच कार्ड पुढे केलं.

30 एप्रिल ते 30 मे 2025 असा एक महिना आम्ही दोघं लिस्बनमध्ये राहिलो. सहल नव्हती ती, बिऱ्हाड होतं. दहा दिवसांत सहा शहरं दाखवणाऱ्या सहली आम्ही आधी केल्या होत्या. त्यात पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, बसमध्ये झोपायचं आणि घरी आल्यावर कोणतं चर्च कोणत्या गावातलं यावर वाद घालायचा. आता गुडघे तसं करू देत नाहीत आणि मनालाही ते नको वाटतं. महिना हे आमच्या वयाच्या माणसांचं ओळखीचं माप आहे. पेन्शन महिन्याची, किराणा महिन्याचा, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटंही महिन्याच्या हिशेबानं आणलेली. परदेशातलं शहरही याच मापानं घेतलं तर ते अंगावर येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा महिना कसा बसवायचा ते जरा तपशिलात सांगते.

आधी कागदपत्रं. पोर्तुगाल शेंगेन करारातला देश. आपल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून त्या सगळ्या देशांत मिळून कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, तेव्हा महिना आरामात बसतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क 90 युरो. किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. हा विमा काढताना आमच्या वयाच्या माणसांनी एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचावं, ते म्हणजे आधीपासून असलेल्या आजारांबद्दलचं. बऱ्याच विम्यांत मधुमेह, रक्तदाब, बायपास यांतून उद्भवलेलं दुखणं धरलेलंच नसतं, किंवा फक्त जीव वाचवण्यापुरतं धरलेलं असतं. जास्त हप्ता भरून ते संरक्षण मिळत असेल तर घ्यावं. तिथे पैसा वाचवू नये. आम्ही गेलो तेव्हा पासपोर्टवर शिक्का मारून घेतला. 12 ऑक्टोबर 2025पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावर वेळ हाताशी ठेवावा.

फोनचं आपलं सिम बंद करू नका, रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि परक्या गावात ओटीपी नाही म्हणजे हातात पैसे असून नसल्यासारखे. दुसरं, कार्डानं पैसे देताना किंवा एटीएममधून काढताना यंत्र विचारतं, रुपयांत घ्यायचे की युरोत? नेहमी युरो म्हणा. रुपये म्हटलं की विनिमयाचा दर ते यंत्रवाले ठरवतात, आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा बहुतेक वेळा महाग पडतो.

आता घर. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं आहे, सात टेकड्यांचं शहर अशी त्याची ख्याती. छायाचित्रांत दिसतं ते आल्फामा, जिन्यांच्या गल्ल्या, पिवळी ट्राम, खिडक्यांत कुंड्या. सुंदर आहे. पण तिथे घर घेतलं की रोज भाजीची पिशवी घेऊन साठ-सत्तर पायऱ्या. त्यातून पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसॉल्टच्या छोट्या छोट्या चौकोनी दगडांचे, काल्सादा म्हणतात त्याला. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते दगड गुळगुळीत झालेत आणि पावसाची एक सर आली की साबण लावल्यासारखे निसरडे होतात. रबरी तळव्याचे चांगले बूट हीच तिथली खरी गरज. आल्फामा बघायला जावं, राहायला नाही.

आम्ही अल्व्हलाद निवडलं. हा भाग सपाट आहे, मेट्रोची हिरवी लाइन दारात, मंडई चालत दहा मिनिटांवर. 1945च्या आराखड्याप्रमाणे 45,000 लोकांसाठी ही वस्ती बांधली. तिचे आठ भाग पाडले आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर प्राथमिक शाळा ठेवली, म्हणजे मुलाला मोठा रस्ता न ओलांडता चालत शाळेत जाता यावं. मला शाळेवरून वस्ती मोजण्याचा हा विचार फार आवडला. सकाळी खिडकीतून शाळेच्या घंटेचा आवाज यायचा. इथल्या तीन-चार मजली जुन्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते, म्हणून आम्ही पहिल्या मजल्यावरचं घर शोधलं. पत्त्यात मजल्यापुढे 'दिरैतु' म्हणजे उजवं आणि 'इश्केर्दु' म्हणजे डावं असं लिहिलेलं असतं, तेवढं कळलं की दार चुकत नाही. बेडरूमच्या संख्येप्रमाणे घराला टी-एक, टी-दोन म्हणतात, टी-शून्य म्हणजे एकाच खोलीचं घर. दोघांसाठी महिनाभर टी-एक हवंच. एकाला झोप आली आणि दुसऱ्याला वाचायचं असलं तर मध्ये दार पाहिजे.

भाड्याव्यतिरिक्त शहराचा पर्यटक कर असतो, माणशी रात्रीला 4 युरो, पण जास्तीत जास्त 7 रात्रींचाच. म्हणजे महिनाभर राहिलं तरी माणशी 28 युरो. घराला पर्यटकांसाठीचा परवाना आहे ना, हे बघून घ्या. दारावर किंवा जाहिरातीत 'एएल' या अक्षरांबरोबर त्याचा क्रमांक असतो. आणि इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. लिस्बनमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्यासारख्या पाहुण्यांना घरं देणं इतकं फायद्याचं झालं, की गावातली म्हातारी भाडेकरू माणसं आणि तरुण जोडपी शहराबाहेर ढकलली गेली. सरकारनं 2023मध्ये मोठ्या भागात असे नवे परवाने थांबवले, पुढच्या वर्षी नियम सैल झाले आणि निर्णय नगरपालिकांकडे गेला. भिंतींवर घरांच्या हक्काच्या घोषणा रंगवलेल्या दिसतात. आपल्या आनंदाची किंमत तिथला कोणी तरी मोजत असतो. म्हणून विनापरवाना स्वस्त घर घेऊ नये, इमारतीत रात्री आवाज करू नये, आणि पैसे शक्यतो त्याच वस्तीतल्या छोट्या दुकानांत खर्च करावेत. मी तरी एवढंच करू शकले.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, वाटेत एकदा बदलावं लागतं. आम्ही पोचलो त्याच्या दोनच दिवस आधी, 28 एप्रिलला, अख्ख्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली होती. सकाळी साडेअकराच्या सुमाराला गेली ती बऱ्याच ठिकाणी रात्री आली. मेट्रो थांबली, सिग्नल बंद, कार्डं चालेनात. घरमालकीणबाईंनी किल्ल्या देताना आधी मेणबत्त्या कुठे आहेत ते दाखवलं, मग गीझर. त्या दिवशी रोख पैसे असलेल्यांनाच पाणी-बिस्किटं मिळाली, असं त्या सांगत होत्या. तेव्हापासून पन्नास युरोची रोकड आम्ही कपाटात वेगळी ठेवली.

त्या बाईंच्या तोंडचा पहिला शब्द मी टिपला तो 'शाव्ह'. किल्ली. आपली चावी तीच. पण मग आपण 'च' का म्हणतो? कारण सोळाव्या शतकात पोर्तुगीजही 'च' असाच उच्चार करत होते. पुढे राजधानीत त्याचा 'श' झाला, उत्तरेच्या खेड्यांत कुठे कुठे 'च' राहिला. म्हणजे कोकणातली आजी चावी म्हणते तेव्हा ती लिस्बनच्या आजच्या माणसापेक्षा जुनं पोर्तुगीज बोलते! बटाटा, कोबी, अननस, घमेलं, परात, लिलाव, नाताळ, बिजागरी अशी ही माळ मोठी आहे. महिनाभर मी एका वहीत असे शब्द उतरवत होते. भाषा येत नसली तरी आपली शंभरेक माणसं इथे आधीच राहायला आली आहेत असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी 1 मे. आपला महाराष्ट्र दिन, तिथला कामगार दिनाचा राष्ट्रीय सण. बरीच दुकानं बंद. नव्या घरात पहिल्या दिवशी फ्रीज रिकामा, ही चूक आमच्या हातून झाली. पोचणं सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी येणार नाही असं बघावं. थालिपिठाची भाजणी बरोबर होती म्हणून निभावलं. बरोबर काय न्यायचं याचेही नियम आहेत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे साजूक तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवायची. ताजी फळं-भाज्या आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्यूरिअन या पाचांनाच. आंबा त्यात नाही. ऐन हंगामात हापूस मागे ठेवून आम्ही निघालो, आणि हापूस हे नाव पोर्तुगीज 'आफोन्सो'वरूनच आलेलं. पीठ, मसाले, हिंग, पोहे, भाजणी, चहापूड मात्र आम्ही बिनदिक्कत नेली.

आता पासाबद्दल. लिस्बनमध्ये 65 वर्षांवरच्यांसाठी मेट्रो, बस, ट्राम, सिंत्रा-काश्काईशच्या लोकल आणि तेजो नदीवरच्या फेऱ्या या सगळ्यांना मिळून महिन्याचा एकच पास आहे, नाव्हेगांत. आम्हाला तो माणशी 20 युरोंना पडला. त्यासाठी फोटो असलेलं वैयक्तिक कार्ड काढावं लागतं. मेट्रोच्या मोठ्या स्थानकातल्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून, फॉर्म भरून ते मिळतं, तातडीचं शुल्क भरलं तर लवकर. पण एक ध्यानात घ्या, हा पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो. 10 तारखेला काढला तरी 31 तारखेला संपतो. म्हणून मुक्काम महिन्याच्या पहिल्या तारखेशी जुळवून घ्यावा. आम्ही मे धरला तो यासाठीच. हवाही वीस-बावीस अंशांची, दिवस लांब, उजेड रात्री साडेआठपर्यंत. हिवाळा टाळावा. पाऊस असतो आणि तिथल्या जुन्या घरांत उबेची सोय नसल्यामुळे थंडी बाहेरपेक्षा आत जास्त वाजते. देशभरच्या रेल्वेत 65 वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट आहे, आपल्यालासुद्धा. सरकारी संग्रहालयांतही सवलत मिळते. पासपोर्टची प्रत पर्समध्ये असू द्या.

पास हातात आला आणि टेकड्यांची भीती गेली. चढणीला ट्राम किंवा बस, उतरणीला पाय. किल्ल्याच्या टेकडीवर जायला तर फुकट लिफ्ट आहेत, हे बऱ्याच पर्यटकांना माहीत नसतं. खालच्या रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत शिरायचं, लिफ्टनं वरच्या रस्त्यावर निघायचं, थोडं चाललं की वाहनतळाच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. तिच्यातून बाहेर पडलं की पायाखाली छपरं आणि पलीकडे नदी.

वारांनी मात्र आम्हाला एकदा चकवलं. पोर्तुगीजांनी ग्रहांवरून आलेली वारांची नावं टाकून दिली आहेत. रविवार पहिला, म्हणून सोमवार म्हणजे 'सेगुंदा-फैरा', दुसरा. मंगळवार तिसरा, शुक्रवार सहावा. शनिवार-रविवारांनाच स्वतःची नावं. सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या मार्टिन नावाच्या बिशपनं मूर्तिपूजकांच्या देवांची नावं वारांना नकोत असा आग्रह धरला होता, त्याची ही परंपरा. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या बहिणींनी ती उचलली नाही. आम्ही एका संग्रहालयाच्या पाटीवर 'दुसऱ्या दिवशी बंद' वाचलं, दुसरा म्हणजे मंगळवार समजलो आणि सोमवारी बंद दारासमोर उभे राहिलो. दुकानांच्या पाट्यांवर 'दुसरा ते सहावा' असतं, ते सोमवार ते शुक्रवार. त्या दिवशी मग समोरच्या बागेतच बसलो, आणि म्हातारी माणसं दगडी टेबलावर पत्ते आपटत होती ते तासभर बघितलं. या देशात दर चार माणसांतला जवळपास एक जण 65च्या वरचा आहे. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे तिथे कोणी वेगळं बघत नाही.

दुकानात पैसे द्यायच्या आधी प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न येतो, 'कोंत्रिबुइंत?' पहिल्यांदा वाटलं पिशवी हवी का विचारतायत. नंतर कळलं, तो करदात्याचा नऊ आकडी क्रमांक आहे. ग्राहकानं तो बिलावर घालून घेतला की त्याला करात थोडी सूट मिळते, आणि 2014पासून त्या बिलांची सरकारी सोडतही निघते. यामुळे दुकानदार बिल लपवू शकत नाही. आपण फक्त 'नाउं, ओब्रिगादा' म्हणायचं. बाई असेल तर ओब्रिगादा, पुरुष असेल तर ओब्रिगादु. बोलणाऱ्याचं लिंग, ऐकणाऱ्याचं नाही. आपल्याकडे 'येते' आणि 'येतो' तसंच, म्हणून मराठी माणसाला हे लगेच बसतं. तू, तुम्ही, आपण यांसारख्या पायऱ्याही त्या भाषेत आहेत. वयस्कर माणसाला 'उ सेन्योर', बाईला 'आ सेन्योरा' म्हणून तृतीयपुरुषी बोलतात, आपण मोठ्यांना 'बसावं' म्हणतो तसं.

हे शाकाहारी, मी मालवणची माहेरवाशीण. त्यामुळे जेवणाचा प्रश्न दोन तोंडांचा होता. शाकाहारी माणसाची लिस्बनमध्ये आबाळ होते असं ऐकलं होतं, पण स्वयंपाकघर असलं की होत नाही. कॅफेमध्ये दुपारी भाज्यांचं सूप मिळतं, स्वस्त आणि भरपूर. त्यात मांसाचा अर्क नाही ना, एवढं विचारावं. काल्दु व्हेर्द नावाचं पालेकोबी आणि बटाट्याचं हिरवं सूप प्रसिद्ध, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात, तेव्हा 'सें शोरीसु', सॉसेजशिवाय, असं आधी सांगायचं. टेबलावर न मागता येणारे पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. नको असतील तर लगेच परत करावेत. अर्धी थाळी मिळते, 'मेया दोज़', आणि आमच्या वयाला ती पुरून उरते.

दह्याचं सांगते. तिथलं दूध बहुतेक खोक्यातलं, फ्रीजबाहेर मांडलेलं, आधीच कडक तापवलेलं. ते पुन्हा उकळायची गरज नाही, कोमट करायचं. विरजणाला साखर नसलेलं साधं दही, त्याला 'इओगुर्त नातुराल' म्हणतात. पहिल्या रात्री लावलं तर सकाळी दूधच. मेमध्येही तिथे रात्री गारवा असतो. दुसऱ्या रात्री पातेलं टॉवेलात गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवलं, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. सकाळी घट्ट दही! त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की घर लागलं. कणीक, तूरडाळ, कढीपत्ता, नारळ हे सगळं मार्तीं मोनीज़ भागात मिळतं. आमच्या हिरव्या लाइनवरच ते स्थानक आहे. भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानांच्या गल्ल्या आहेत तिथे. कुकर घरून न्यायची गरज नाही. पोर्तुगीज घरांत चणे-राजमा शिजवायला प्रेशर कुकर असतो. शेगडी इंडक्शनची असली तर आपला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तसाही चालत नाही.

आणि मासे. मंडईत सकाळीच जायचं, दुपारपर्यंत ती आवरते. सोमवारी जाऊ नये, रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत म्हणून ताजा माल कमी. काव्हाला म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, सार्दीन्या म्हणजे तारलीच्या कुळातली. मासेवाल्या बाईनं मासा हातात घेऊन कल्ले उघडून लाल रंग दाखवला, तेव्हा मी मालवणच्या बाजारात उभी आहे असंच वाटलं. बोलायला शब्द नव्हता आणि लागलाही नाही. ती मासे साफ करून देते, वेगळे पैसे घेत नाही. तारली मात्र न चिरता, जाड मीठ लावून अखंडच निखाऱ्यावर भाजायची तिथली रीत. मी घरी काव्हाल्याचं तिखलं केलं, कोकम माहेरचं.

ह्यांचं बालपण पाटण तालुक्यातलं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हे दहा वर्षांचे होते. अंगणात गोधडीत बसून काढलेल्या रात्री हे अजून विसरलेले नाहीत. पुढे बांधकाम खात्यात नोकरी केली. त्यामुळे लिस्बनमध्ये ह्यांना बघायचं होतं ते एकच, 1 नोव्हेंबर 1755चा भूकंप. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी धक्के, मग नदीतून चढून आलेली त्सुनामी, मग कित्येक दिवस धुमसणारी आग. कार्मु मठाचं छप्पर तेव्हा पडलं ते आजही तसंच आहे. कमानी उभ्या आहेत आणि वर उघडं आभाळ. हे तिथे बराच वेळ मान वर करून उभे होते. मी काही बोलले नाही.

भूकंपानंतर मंत्री पोंबाल यांच्या हुकमतीखाली बायशा हा सखल भाग नव्यानं आखला गेला, सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती. त्यांच्या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा असतो, गायोला. उभे, आडवे आणि फुलीसारखे तिरपे वासे एकमेकांत गुंतवायचे आणि मधली जागा दगडविटांनी भरायची. जमीन हलली की लाकूड लवतं, मधलं भरण पडलं तरी सांगाडा उभा राहतो. त्याची परीक्षा घ्यायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. जमीन नदीकाठची भुसभुशीत, म्हणून पायाला पाइनचे खुंट ठोकले. एका बँकेच्या तळघरात, रुआ दुश कोर्रेएरुश या रस्त्यावर, हे खुंट आणि त्यांच्याही खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद बघता येतात, मार्गदर्शकासह आणि फुकट. हे वाकून ते खुंट बघत होते. ओलाव्यात राहिल्यामुळे लाकूड अडीचशे वर्षांत कुजलं नाही, हे ह्यांनी मला दोनदा सांगितलं.

माझी ओढ वेगळी होती. भूकंपानंतर सगळ्या गावांच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली होती: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, विहिरींचं पाणी बदललं का. भूकंपाकडे देवाचा कोप म्हणून न बघता माहिती गोळा करण्याचा हा फार जुना प्रयत्न. आलेली उत्तरं तोर दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ती इमारत आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! तिथेच गोव्याहून मान्सूनच्या वाऱ्यांवर जहाजांनी येणाऱ्या सरकारी पत्रव्यवहाराची काही बाडं आहेत. उरलेली बाडं पणजीत. एकाच पत्रव्यवहाराची दोन अर्धुकं दोन खंडांत ठेवलेली. मी बाहेरून इमारत बघितली, दगडी आणि भक्कम, आणि मुलांना शिकवलेले नैर्ऋत्य मोसमी वारे आठवले.

मुंबईकरांनी बघावं असं एक ठिकाण सांगते. 23 जून 1661च्या तहानं मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, ती कातारीना द ब्रागांसा हिच्या लग्नात. वैधव्यानंतर ती मायदेशी परतली, बेंपोश्ता इथे तिनं राजवाडा बांधला आणि 1705मध्ये तिथेच वारली. आज तिथे लष्करी अकादमी आहे, पण समोरच्या रस्त्याचं नाव अजून 'राणीचा वाडा' असंच. साउं व्हिसेंत द फोरा या मठात ब्रागांसा घराण्याच्या दफनगृहात ती आहे. मुंबई बघितलेली नाही अशा बाईच्या नावावर मुंबईचा इतिहास वळला. त्या थंड दालनात आम्ही दोघंच होतो.

गोवा 1961मध्ये मुक्त झाला, नंतर काही गोवेकर कुटुंबं लिस्बनला गेली. त्यांची कासा द गोआ ही संस्था तिथे आहे. 2015 ते 2024 पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले आंतोनियु कोश्ता यांचे वडील ओर्लांदु द कोश्ता मडगावात वाढलेले लेखक. मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांनी लुमियार भागात राधाकृष्णाचं मंदिर उभारलं आहे. अक्षय्य तृतीया आम्ही विमानात घालवली होती, म्हणून नंतरच्या एका रविवारी तिथे जाऊन आलो.

दोघंच महिनाभर एका छोट्या घरात, ना मोलकरीण, ना मराठी वर्तमानपत्र, ना बेल वाजवणारा शेजारी. पहिला आठवडा जड गेला, हे लपवत नाही. रात्री तीनला जाग यायची, कारण आपल्याकडे साडेसात वाजलेले. कामं वाटून घेतली तेव्हा घडी बसली. सकाळचा पाव आणि कचरा ह्यांच्याकडे. कागद निळ्या डब्यात, प्लास्टिक-डबे पिवळ्यात, काच हिरव्यात. मंडई आणि धुणं माझ्याकडे. धुणं तिथे खिडकीबाहेर कप्पीवरच्या दोरीवर वाळत घालतात. दोरी ओढली की कपडे पुढे सरकतात, गिरगावातल्या चाळीची आठवण करून देतात. समोरच्या खिडकीतल्या आजी मला चिमटे आडवे नाही, उभे लावायला खुणेनं शिकवून गेल्या, वाऱ्यानं टॉवेल उडू नये म्हणून.

17 मेच्या रात्री आमच्याच भागातल्या स्पोर्टिंग क्लबनं फुटबॉलची लीग जिंकली आणि पहाटेपर्यंत भोंगे वाजले. दुसऱ्या दिवशी देशात मतदान होतं आणि खालच्या शाळेत रांग शांतपणे उभी होती. हे पाव आणायला त्या रांगेच्या बाजूनं गेले. बेकरीत हे 'पाव' म्हणतात, बेकरीवाला 'पाउं' म्हणतो, अनुनासिकात. तिसऱ्या आठवड्यात तो ह्यांना बघूनच दोन पापु-सेकु पिशवीत घालू लागला, वरून कडक, आत मऊ. कधी मक्याचा ब्रोआ द्यायचा. त्याला भाकरीची चव आहे, ठेच्याबरोबर तो उत्तम लागतो.

शेवटच्या आठवड्यात नीलमोहर फुलला. लिस्बनमध्ये रस्तेच्या रस्ते नीलमोहराचे आहेत, ब्राझीलमधून आणलेले. सकाळी पांढऱ्या काल्सादावर जांभळा सडा पडायचा. 30 मेला शुक्रवारी दुपारी दोरी रिकामी केली, चिमटे मोजून टोपलीत ठेवले, उरलेली कणीक आणि हिंगाची डबी मार्तीं मोनीज़च्या वाण्याला देऊन टाकली. चावी टेबलावर ठेवून दार ओढून घेतलं. विमानतळाला मेट्रोनंच गेलो. फाटक पासावर उघडलं. त्या पासाचा 31 मेचा एक दिवस शिल्लक राहिला होता. ती दोन कार्डं आता माझ्या पेन्शनच्या पुस्तकात आहेत.